शेजपाळी आणि फिरते परवाने

आमच्या बारामती-इंदापुरात नीरा डावा कालवा आला तो १८८५च्या सुमारास. पाणी थोडं, शेतं फार, म्हणून शेजपाळी. सात नंबरचा अर्ज भरायचा, पाळी आली की दार उघडायचं, भिजवून झालं की बंद. वरच्यानं बंद केलं नाही, तर टेलचा इंदापूरवाला कोरडा.

१९८८ला आलेल्या फ्लेक्सएलएमनं सॉफ्टवेअरच्या परवान्यांना हीच रीत लावली. आमची टेस्टिंगची मशीन्स दूरवर. सर्व्हर मोजकेच परवाने त्यांच्यात फिरवतो. एखादं मशीन मधेच लटकलं, की परवाना त्याच्यापाशी अडकतो आणि पुढच्या टेस्ट खोळंबतात. टाइमआउट लावला असेल तर सुटतो. कालव्यावर हे काम पाटकरी करतो. मला वाटतं, देणं सोपं असतं. परत घेणारा कुणी असेल तरच टेलपर्यंत पोचतं.