भागधारकाचे मत आणि भोपाळचा खटला

एखाद्या शहरात कारखाना उभा राहतो, तेव्हा त्याच्या फाटकावर कंपनीचे नाव ठळक अक्षरांत रंगविलेले असते. परंतु त्या कंपनीत अखेरचा शब्द कोणाचा चालतो, हे तेथे लिहिलेले नसते. ते जाणावयाचे झाल्यास भागधारकांची नोंदवही उघडावी लागते. सामान्य माणसाला ही नोंदवही दलालांच्या आणि हिशेबनिसांच्या कामाची नीरस वस्तू वाटते. ती तशी नाही, हे भोपाळने फार मोठी किंमत देऊन दाखवून दिले. भोपाळच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे जो वाद चालला, त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता: कंपनीतील मते कोणाच्या हाती होती, आणि ज्याच्या हाती मते त्याच्या शिरावर दायित्व येते की नाही?

शेअर म्हणजे केवळ नफ्यातील वाटा नव्हे. त्याबरोबर कारभारावर मत देण्याचा अधिकारही येतो. संचालक नेमावयाचे ते या मतांनीच. तथापि, स्वातंत्र्यपूर्व काळात आपल्या देशात भांडवल एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची, अशी स्थिती सर्रास आढळे. मुंबईच्या गिरण्या काय किंवा कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्या काय, त्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांच्या पेढ्यांकडे असे. या पेढ्या दीर्घ मुदतीच्या कराराच्या बळावर, आणि काही ठिकाणी थोड्या रकमेला पुष्कळ मते देणाऱ्या खास शेअरांच्या बळावर, इतरांच्या पैशावर अधिकार गाजवीत. १९१३ च्या कंपनी कायद्याने या व्यवस्थेला फारसा धक्का लावला नाही. १९३६ च्या दुरुस्तीने एजंटांच्या मुदतीला वीस वर्षांची मर्यादा घातली. परंतु मतांची विषमता शिल्लक राहिलीच.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली सी. एच. भाभा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली, आणि १९५२ साली तिचा अहवाल आला. त्यावर आधारलेले विधेयक १९५३ साली लोकसभेपुढे मांडले गेले, ते चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना. पुढे मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे देशमुख महाराष्ट्राच्या स्मरणात आहेत. परंतु हा प्रचंड कायदाही त्यांच्याच कारकिर्दीत सिद्ध झाला, याची आठवण क्वचितच निघते. १ एप्रिल १९५६ रोजी तो अमलात आला. त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले. या दोन घटनांची गाठ पुढे कशी पडणार आहे, याची तेव्हा कोणालाही कल्पना असणे शक्य नव्हते.

या कायद्याने दोन गोष्टी केल्या. पहिली अशी की, सार्वजनिक कंपनीत सामान्य शेअरधारकाचे मत त्याच्या भांडवलाच्या प्रमाणातच राहील, असा दंडक घालून दिला. दुसरी अशी की, भागधारकांची नोंदवही सभासदांना विनामूल्य आणि इतर कोणासही अल्प शुल्क देऊन पाहता येईल, अशी तरतूद केली. शिवाय, एका कंपनीकडे दुसरीचे निम्म्याहून अधिक सामान्य भांडवल असेल, किंवा दुसरीचे संचालक मंडळ ठरविण्याची शक्ती असेल, तर ती दुसरी पहिलीची उपकंपनी होय, हेही कायद्याने स्पष्ट केले. उणीव राहिली ती एवढीच की, नोंदवहीत एकाचे नाव आणि खरी मालकी दुसऱ्याची, असे घडू शकत होते. १९७४ च्या दुरुस्तीने अशा प्रच्छन्न मालकाने आपला हितसंबंध जाहीर करावा, असे बंधन घातले.

युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या कंपनीच्या बाबतीत मात्र काहीच प्रच्छन्न नव्हते. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे तिचे ५०.९ टक्के शेअर होते. उरलेले भारतीय वित्तसंस्था आणि हजारो लहान भागधारक यांच्यात विखुरलेले होते. १९७३ च्या परकीय चलनविषयक कायद्याने परदेशी मालकीवर सामान्यतः चाळीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. परंतु प्रगत तंत्राच्या उद्योगांना त्यातून सूट मिळे, आणि ती या कंपनीस मिळाली. हा ५०.९ चा आकडा किती अर्थपूर्ण आहे पाहा. साधा ठराव निम्म्याहून अधिक मतांनी संमत होतो आणि संचालकांची निवड साध्या ठरावानेच होते. म्हणजे उरलेले सारे भागधारक एकवटले, तरी एकही संचालक त्यांना स्वतःच्या बळावर निवडून आणता आला नसता. विशेष ठरावासाठी लागणारी तीन चतुर्थांश मते मूळ कंपनीकडे नव्हती, हे खरे. परंतु रोजचा कारभार विशेष ठरावांनी चालत नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. १९८५ साली संसदेने कायदा करून पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार भारत सरकारकडे घेतला. न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा गुदरला गेला, तेथे न्यायमूर्ती जॉन कीनन यांनी मे १९८६ मध्ये तो भारतीय न्यायालयांकडे परत पाठविला. मूळ कंपनीचे म्हणणे असे की, भारतीय कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. भागधारक हा केवळ भागधारक.

भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी ३५० कोटी रुपये अंतरिम साहाय्य देण्याचा आदेश काढला. ४ एप्रिल १९८८ रोजी मध्यप्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. सेठ यांनी ती रक्कम २५० कोटींवर आणली. परंतु त्याचबरोबर एक महत्त्वाचा विचार मांडला. निम्म्याहून अधिक मते ज्याच्या हाती, संचालक मंडळाची रचना ज्याच्या इच्छेवर, त्याला कंपनीच्या स्वतंत्र व्यक्तित्वाच्या पडद्याआड उभे राहता येणार नाही, असा त्याचा आशय होता. नोंदवहीतील आकड्याला येथे प्रथमच दायित्वाचे वजन प्राप्त झाले. दुर्दैवाने या प्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयात अंतिम निर्णय होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९८९ मध्ये, ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. विचार राहिला, त्याचा कायमचा दंडक झाला नाही.

शेअरांची कथा मात्र येथे संपली नाही. फौजदारी खटल्यात मूळ कंपनी न्यायालयापुढे हजर राहिली नाही, तेव्हा एप्रिल १९९२ मध्ये भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी तिचे हे शेअर जप्त करण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पीडितांसाठी रुग्णालय उभारता यावे म्हणून, विक्रीस वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या मॅक्लिऑड रसेल कंपनीने ते विकत घेतले. भारतीय कंपनीचे नाव बदलून एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले. रुग्णालय उभे राहिले, ही जमेची बाजू. परंतु गैरहजर आरोपीला भोपाळशी जखडणारा तो एकमेव मालमत्तेचा दोर त्याच दिवशी तुटला, ही खर्चाची. ७ जून २०१० रोजी शिक्षा झाली ती भारतीय अधिकाऱ्यांना आणि भारतीय कंपनीला.

पुढील कायद्यांनी प्रकटीकरणाचे वर्तुळ बरेच विस्तारले. १९९७ च्या सेबीच्या नियमांनी पाच टक्क्यांहून अधिक शेअर अथवा मते घेणाऱ्याने ते जाहीर करणे आवश्यक ठरविले. २०१० पासून म्युच्युअल फंडांना, त्यांनी कोणत्या ठरावावर कसे मत दिले, हे सांगावे लागते. २०१५ च्या नियमांन्वये शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना प्रत्येक ठरावावरील मतांचा तपशील सभेनंतर त्वरित प्रसिद्ध करावा लागतो, आणि २०१८ च्या नियमांनी कंपन्यांच्या साखळीमागील दहा टक्के वा अधिक हिताचा खरा धनी उघड करण्याचे बंधन आले.

या साऱ्यात एक भेद ध्यानी घेण्यासारखा आहे. भोपाळमध्ये मते कोणाची, हे कधीच गुप्त नव्हते. ती मते कशी वापरली गेली, कारखान्याच्या सुरक्षिततेविषयी कोणी काही विचारले की नाही, हे जाणण्याचा मार्ग बाहेरच्या माणसाला नव्हता. भारतीय वित्तसंस्थांजवळही मते होती, आणि ती संख्येने अपुरी असली तरी प्रश्न विचारण्यास पुरेशी होती. माहिती उघड करणे ही जबाबदारीची पहिली पायरी आहे. तीवर उभे राहून विचारणा करणारा भागधारक आणि निवाडा करणारे न्यायालय नसेल, तर नोंदवही कितीही चोख ठेवली, तरी फाटकाबाहेरच्या वस्तीला तिचा आधार मिळत नाही.