कोल्हापुरात बोलू लागलेला कन्नड पडदा

कन्नड भाषेतला पहिला बोलपट कोठे तयार झाला, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडी बंगळूर किंवा म्हैसूरचे नाव येते. प्रत्यक्षात ३ मार्च १९३४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘सती सुलोचना’चे चित्रण झाले ते कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये. दिग्दर्शक वाय. व्ही. राव तेलुगू मुलखातले, पैसा बंगळूरचे व्यापारी चमनलाल डुंगाजी यांचा, आणि आर. नागेंद्रराव व सुब्बय्या नायडू हे प्रमुख नट म्हैसूरकडच्या नाटक मंडळीतले. एवढा सगळा लवाजमा कोल्हापुरात का उतरला, हे समजून घेतले तर त्या काळाचा समाज, कला आणि यंत्रविद्या या तिन्हींचा उलगडा होतो.

कोल्हापूरला चित्रपट आला तो कुंचल्याच्या वाटेने. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ नाटकांचे पडदे रंगवीत. कॅमेरा विकत आणणे परवडेना, तेव्हा त्यांनी तो स्वतःच घडवायला घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी काम तडीस नेले आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली ‘प्रभात’ची स्थापना केली. पडदे रंगवणारे, सुतार, गवई, यंत्र जाणणारे अशी माणसे एका गावात सापडत होती, म्हणून स्टुडिओ उभे राहिले.

मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. मधल्या पाट्यांवर दोन-तीन लिप्यांत मजकूर असे आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी. १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. त्याबरोबर प्रेक्षकांचीही वाटणी झाली. एका मराठी मुलखाच्या भरवशावर एवढा खर्च भागणे अवघड. म्हणून ‘प्रभात’ने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. तेव्हा पार्श्वगायन नव्हते. नटाने कॅमेऱ्यासमोर स्वतः बोलायचे आणि स्वतःच गायचे. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना दोन्ही भाषा जिभेवर बसवाव्या लागल्या. यंत्राच्या उणिवेनेच कलावंताला दुभाषी केले म्हणा ना!

आपल्या भागातल्या माणसांना हे दुभाषीपण शिकवावे लागले नाही. व्ही. शांताराम कोल्हापूरचे, पण तरुणपणी त्यांनी हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केले आणि तिथल्याच एका पत्र्याच्या थिएटरात पडेल ते काम करीत सिनेमा जवळून पाहिला. पुढे १९३९ साली त्यांनी ‘माणूस’ काढला. त्यातली मैना साकारली शांता हुबळीकर यांनी. त्या हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या, घरची भाषा कन्नड. मराठी प्रेक्षकाने त्यांना कधी परके मानले नाही. मैनेच्या माडीवर येणारी गिऱ्हाइके नाना प्रांतांची, म्हणून तिच्या गाजलेल्या गाण्यातही अनेक भाषा येतात. एक पोलीस शिपाई आणि एक वेश्या यांच्या गोष्टीत त्या वेळची मुंबई अशी आपसूक उतरली आहे.

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायन रूढ केले. गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा, अशी सोय झाली. पुढे संवादही दुसऱ्याकडून बोलवून घेता येऊ लागले. काम सोपे झाले, गाणी अधिक गोड झाली, हे नाकारता येणार नाही. पण शेजारची भाषा शिकण्याची नटाला गरज उरली नाही. आज एकाच घरात एक मूल कन्नड शाळेत आणि दुसरे मराठी शाळेत जाते, तरी दोघांच्या आवडीचे सिनेमे वेगळे असतात. ही फारकत केवळ राजकारणाने झाली, असे आपण समजतो. तिला यंत्राचाही थोडा हातभार लागला आहे.

‘सती सुलोचना’ आज पाहता येत नाही, कारण त्याची एकही प्रत उरलेली नाही. कन्नड माणसाचे पडद्यावरचे पहिले बोल मराठी गावात नोंदले गेले आणि ते दोघांच्याही हातून निसटले. त्या बोलपटाचा वारसा सांगायला कन्नड माणसाला कोल्हापूरचे नाव घ्यावे लागते, आणि कोल्हापूरच्या चित्रपटाचा इतिहास सांगायला मराठी माणसाला हुबळीचे. सीमाप्रश्नावर आपली मते काहीही असोत, आपल्या मुलांना ही दोन्ही नावे एका दमात सांगायला हवीत. चित्रफीत नष्ट झाली तरी निदान तेवढी आठवण जपणे आपल्या हातात आहे.