दादोबा पांडुरंग, सुरत आणि बायबल वाचण्याची रीत

आपल्या मंडळात सुरतेतल्या मराठी माणसांचा विषय निघाला की गोष्ट पॉवरलूमपासून सुरू होते. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं ताप्ती लाइनच्या गाडीने आली, उधना-लिंबायतला खोल्या घेतल्या, तिथे जागा पुरेना तशी नवागाम-डिंडोलीकडे सरकली. हे खरंच आहे. आमच्या डिंडोलीत संध्याकाळी भाजी घ्यायला बाहेर पडलं की गुजरातीच्या बरोबरीने अहिराणी कानावर पडते. त्याआधीचं विचारलं तर लोक १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या सांगतात. गायकवाडांची चौथाई आठवणारा एखादाच. म्हणजे मराठी माणूस सुरतेत आला तो एक तर लुटायला, नाही तर मजुरीला, असा हिशेब होतो.

या हिशेबातून एक मोठा माणूस गळतो, आणि तो गळू नये म्हणून हा निबंध. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२). शाळेत आपण त्यांना 'मराठी व्याकरणाचे पाणिनी' म्हणून पाठ केलं. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८३६ साली त्यांचं मराठीचं व्याकरण छापून आलं. ते १८४० च्या दशकात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते हेही काहींना ठाऊक असतं. पण १८७८ साली लंडनहून त्यांचं एक इंग्रजी पुस्तक निघालं, त्याकडे फारसं कुणी वळत नाही. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'इमॅन्युएल स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांविषयी एका हिंदू गृहस्थाचे विचार'. स्वीडनबोर्ग हा बायबलचा अर्थ लावणारा स्वीडिश लेखक. मराठीच्या व्याकरणकाराने म्हातारपणी बायबलच्या टीकाकारावर पुस्तक का लिहावं?

याचं उत्तर शोधायचं तर बायबलचा अभ्यास म्हणजे नेमकं काय करतात ते आधी पाहायला हवं. मी पेशाने मेकॅनिकल इंजिनियर, धर्मशास्त्राचं शिक्षण शून्य. पण ओळखीच्या एका नवापूरकडच्या कुटुंबातला मुलगा बायबल कॉलेजात शिकतो. त्याची पहिल्या वर्षाची वही मी आठवडाभर मागून घेतली. विषयाचं नाव साधं: बायबलचा अभ्यास आणि अर्थविवरण यांची ओळख. मला वाटलं होतं, प्रार्थना आणि पाठांतर असेल. वहीत निघाले प्रश्न. हे पुस्तक कुणी लिहिलं, कुणासाठी, कधी? मूळ भाषा कोणती, हिब्रू की ग्रीक? हा मजकूर इतिहास आहे, कविता आहे, पत्र आहे, की दृष्टांत? या ओळीच्या आधी काय आहे, नंतर काय आहे? आणि हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, आज माझ्यासाठी याचा अर्थ काय?

आमच्याकडे ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातला टायटल ब्लॉक वाचतात: स्केल काय, तारीख काय, कितवं रिव्हिजन, कुणी काढलं, कुणी तपासलं. ते न वाचता थेट माप उचलणारा फिटर एक दिवस सगळ्यांना गोत्यात आणतो. वहीतला क्रम मला लगेच पटला तो त्यामुळे.

त्या वहीत एक उदाहरण सविस्तर होतं, चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांताचं. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या माणसाला लुटारू मारून टाकून जातात. याजक बघून पुढे जातो, लेवी बघून पुढे जातो, आणि एक शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, त्याला धर्मशाळेत नेऊन खर्चाचे पैसे देतो. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने याचा अर्थ असा लावला: तो माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे स्वर्गीय नगर, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, धर्मशाळा म्हणजे चर्च, आणि धर्मशाळेचा मालक म्हणजे पौल! आजचे शिक्षक हे उदाहरण देतात ते 'असं करू नका' म्हणून. त्यांचं म्हणणं, आधी ऐकणारे कोण होते ते बघा. ते यहुदी होते, आणि यहुदी व शोमरोनी यांचं पिढ्यान् पिढ्यांचं वैर होतं. ज्याला ते आपला मानायला तयार नव्हते, तोच गोष्टीत शेजारधर्म पाळतो. गोष्टीचा सगळा झटका तिथे आहे. धर्मशाळावाला कोण, हा प्रश्न मूळ श्रोत्यांच्या डोक्यातही आला नसता.

हे वाचताना मला मीमांसकांची सहा लिंगं आठवली. ग्रंथाचं तात्पर्य ठरवायचं तर उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती या सहा गोष्टी तपासाव्यात, अशी आपल्याकडची जुनी रीत. टिळकांनी 'गीतारहस्या'त सुरुवातीलाच ती मांडली आहे. सुरुवात-शेवट बघा, पुन्हा पुन्हा काय येतं ते बघा, नवीन काय सांगितलंय ते बघा, कोणता मजकूर नुसता स्तुतीचा आहे तो वेगळा काढा. बायबल कॉलेजची वही आणि मीमांसा एकच आहेत असं मी म्हणत नाही. मीमांसकांना वेदाचा कर्ता कोण हा प्रश्नच मान्य नाही, वहीत तो पहिलाच आहे. पण पवित्र ग्रंथासमोर बसायला शिस्त लागते, हे दोघांनाही ठाऊक आहे.

आता सुरतेकडे येऊ. लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायव्ही १८१५ नंतर इथे आले. त्यांनी गुजराती शिकून बायबलचं भाषांतर केलं, आणि १८२० च्या दशकात सुरतेच्या मिशन छापखान्यातून ते बाहेर पडलं. तिकडे मराठीत सेरामपूरला विल्यम कॅरी आणि वैजनाथ पंडित यांनी काम सुरू केलं होतं, १८११ साली नवा करार निघाला. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनने ते काम हातात घेतलं आणि १८४७ पर्यंत अख्खं मराठी बायबल तयार झालं. दादोबा सुरतेत आले तेव्हा स्किनर वारले होते, पण फायव्हींचं मिशन चालू होतं. ग्रंथ लोकांच्या भाषेत हाताशी आला होता. तो वाचायचा कसा, हे मात्र कुणी शिकवत नव्हतं.

त्या काळी आपल्याकडे बायबल उघडण्याचे दोनच हेतू धरले जात: बाटणं किंवा खोडून काढणं. मुंबईत जॉन विल्सन हिंदू धर्मावर तुटून पडत होते, मोरभट दांडेकर त्यांना पुस्तकातून उत्तर देत होते. पुढे १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत. या वादांत दोन्ही बाजूंची रीत एकच होती: समोरच्या ग्रंथातली एखादी गोष्ट उचलायची, तिची सगळी संदर्भाची मुळं तोडायची, आणि विचारायचं, हा काय देव? कृष्णाच्या लीलांवर मिशनरी हे करत, जुन्या करारातल्या लढायांवर आपले लोक. माझ्या मते विद्वत्ता दोन्हीकडे भरपूर होती, वाचन मात्र थोडं.

दादोबांनी सुरतेत वेगळी वाट धरली. दुर्गाराम मंछाराम मेहताजी हे इथले गुजराती शिक्षक, मंत्रतंत्र करणाऱ्यांना 'करून दाखवा' म्हणून जाहीर आव्हान देणारा माणूस. हे दोघे आणि त्यांचे सोबती मिळून २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. ईश्वर एक, माणसांचा धर्म एक, माणसाची किंमत जन्मावरून न करता गुणांवरून करावी, ही त्यांची भूमिका. मग कुठल्याही एका धर्माचा ग्रंथ पूर्ण खरा आणि बाकीचे पूर्ण खोटे, हे म्हणायची सोयच उरली नाही. प्रत्येक ग्रंथ उघडून बघणं भाग पडलं. एक मराठी आणि एक गुजराती मास्तर सुरतेत बसून हे करत होते, आणि गुजरातेतल्या धर्मसुधारणेच्या इतिहासात या सभेचं नाव अगदी सुरुवातीला येतं. आपल्या पॉवरलूमवाल्या गोष्टीत हे पान का नसावं?

दादोबा १८४६ साली मुंबईला परतले आणि सभा हळूहळू थंडावली. दुर्गाराम १८५२ मध्ये राजकोटला गेल्यावर ती संपल्यात जमा झाली. मुंबईत मात्र तोच विचार परमहंस सभेच्या रूपाने पुन्हा उभा राहिला. ती सभा गुप्त होती. जातिभेद मोडल्याची खूण म्हणून तिथे ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. १८६० च्या सुमाराला सभासदांची यादी चोरीला गेली आणि घरच्या-समाजाच्या धाकाने सभा फुटली. याच सभेत वावरलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. 'यमुनापर्यटन' त्यांचं, १८५७ चं. पुढे त्यांनी नव्या करारावर मराठीत टीकाही लिहिली. शब्द नीट लक्षात घ्या, 'टीका'. गीतेवर लिहितात तशी, विवरण या अर्थाने.

दादोबा ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी टीका लिहिली ती मोरोपंतांच्या केकावलीवर. १८६५ ची 'यशोदापांडुरंगी', आईवडिलांच्या नावाने. माझ्या मते दादोबांच्या १८७८ च्या पुस्तकाची किल्ली इथे आहे. जो माणूस मोरोपंतांचा एकेक समास सोडवत बसतो, त्याला शब्दाच्या पोटात शब्द असतो हे पटवून द्यावं लागत नाही. आणि स्वीडनबोर्गचं सगळं म्हणणं हेच होतं.

हा स्वीडनबोर्ग (१६८८-१७७२) मूळचा खाणींचा माणूस. स्वीडनच्या खाण खात्यात अधिकारी. १७१८ साली राजाच्या मोहिमेसाठी जहाजं चक्क जमिनीवरून ओढून पलीकडच्या पाण्यात नेण्याच्या कामात तो होता. उडत्या यंत्राचा आराखडाही त्याने काढला होता. पन्नाशीनंतर त्याला दृष्टांत होऊ लागले, नोकरी सोडली, आणि हिब्रू घेऊन बायबलला बसला. १७४९ ते १७५६ या काळात आठ जाड खंड लिहिले, आणि तेवढ्यात फक्त उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोनच पुस्तकं झाली! (पन्नाशीत पेशा सोडून जुनी पुस्तकं घेऊन बसणाऱ्या इंजिनियरबद्दल मला थोडी माया वाटते, ती वाचकांनी वजा करून घ्यावी.) त्याचा सिद्धांत असा की बायबलमधल्या प्रत्येक वस्तूला आतला अर्थ आहे. पाणी किंवा दगड म्हणजे सत्य, घोडा म्हणजे बुद्धी. वरची गोष्ट ही टरफल.

गंमत बघा. बायबल कॉलेजची वही पहिल्या वर्षी ज्या रीतीपासून सावध करते, तीच ही. ऑगस्टीनचा धर्मशाळावाला इथे आठ खंडांत पसरलाय. मग व्याकरणाचा इतका काटेकोर माणूस या वाटेला का गेला? मला वाटतं, वादाला कंटाळून. अक्षरशः अर्थ लावण्यावरच दोन्ही बाजू भांडत होत्या. गोष्टीच्या आत अर्थ आहे असं मानलं की भागवतातली लीलाही वाचता येते आणि निर्गमातली लढाईही. आपल्या कीर्तनांत, रूपकांत, भारुडांत हेच चालतं. नाथांच्या भारुडातला विंचू खराच विंचू आहे का, असं कुणी विचारत नाही. स्वीडनबोर्गमध्ये दादोबांना परक्या ग्रंथाकडे जाण्याची ओळखीची पायवाट दिसली असावी. मला स्वतःला वहीतली रीत अधिक भरवशाची वाटते, कारण आतल्या अर्थाला लगाम नसतो. उद्या कुणी घोडा म्हणजे अहंकार म्हटलं तर त्याला अडवणार कसं? पण १८७८ साली एका हिंदू गृहस्थाने दुसऱ्याच्या धर्मग्रंथावरची टीका खंडन न करता आणि धर्म न बदलता वाचावी, त्यावर नाव घालून पुस्तक छापावं, याला धाडस लागतं. गुप्त सभेची वाताहत पाहिलेल्या माणसाला तर जास्तच.

शेवटी दोन शब्दांविषयी. हे दोन्ही मला डिंडोलीतच सापडले. बायबलचे दोन भाग मराठीत 'जुना करार' आणि 'नवा करार', गुजरातीतही तसंच. 'करार' हा कचेरीतला शब्द. माझं आयुष्य टेंडरांत गेलं, त्यामुळे करार म्हटलं की मला अटी, मुदत आणि दंडाचं कलम दिसतं. देव आणि माणूस यांच्यातल्या बांधिलकीला तोच शब्द मिळाला तेव्हाच अर्थ अर्धा ठरून गेला. दुसरा शब्द 'तारण'. मराठी चर्चमध्ये तारण म्हणजे पापातून सुटका. पतपेढीच्या पाटीवर 'सोनेतारण कर्ज'. एका रस्त्यावर दोन्ही अर्थ सुखाने नांदतात, आणि कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण पाटी कुणाची आहे ते आपण आधी बघतो. वहीतला पहिला धडा तो हाच. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली छापून निघालं. साध्या बायकांना कळावं म्हणून संस्कृत भार कमी करायचा, ही त्यांची धडपड. तोही वाचण्याचाच प्रश्न होता.

तेव्हा एक विनंती. डिंडोली, लिंबायत, उधना, नाही तर नवापूर-नंदुरबारकडे कुणाच्या घरी जुनं मराठी किंवा गुजराती बायबल असेल, तर छापखान्याचं नाव आणि साल असलेलं पान, आणि लूकच्या दहाव्या अध्यायाचं पान, यांचा फोटो मंडळाकडे पाठवावा. शोमरोन्याने ज्या जागी त्या जखमी माणसाला नेलं तिला कुठल्या आवृत्तीत 'धर्मशाळा' म्हटलंय, कुठे 'उतारशाळा', कुठे आणखी काही, ते एकाखाली एक लिहून बघायचं आहे.