पासष्टीच्या आधी

परवा एका मित्राचा फोन आला. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची म्हणतोय. किती गुंतवणूक, किती परतावा, महागाईचा दर किती... सगळं एक्सेलमध्ये मांडून बसलाय. त्याचं ऐकताना मला मात्र फिनलंडच्या पूर्व टोकाची माणसं आठवत होती. त्यांच्यातही कित्येकांचं काम पंचेचाळिशी-पन्नाशीत सुटायचं, पण ते कुणी ठरवलेलं नसायचं.

ही गोष्ट उत्तर कारेलियाची. रशियाच्या सीमेला लागून असलेला, जंगलांचा आणि तळ्यांचा प्रांत. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडला कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाला द्यावा लागला. चार लाखांच्या आसपास माणसं घरदार सोडून निघाली. त्यांना आणि लढाईवरून परतलेल्या सैनिकांना सरकारने जमिनी दिल्या. जंगल साफ करून छोटी छोटी शेतं झाली, गोठ्यात गाई आल्या. हिवाळ्यात पुरुष लाकूडतोडीला जायचे. टंचाईचे दिवस पाहिलेली ही माणसं. पानात भरपूर लोणी, साय न काढलेलं दूध, खारवलेलं डुकराचं मांस दिसलं की त्यांना बरे दिवस आल्यासारखं वाटायचं. भाजीपाला हे जनावरांचं खाणं म्हणे! आणि जोडीला सिगारेट. निम्म्याहून जास्त पुरुष ओढायचे.

१९५८ साली सुरू झालेल्या सात देशांच्या तुलनात्मक अभ्यासात पूर्व फिनलंडच्या पुरुषांची नोंद झाली आणि चित्र स्पष्ट झालं. हृदयविकाराने होणारे मृत्यू तिथे सगळ्यात जास्त होते. आता गंमत बघा, हे काही खुर्चीत बसून काम करणारे लोक नव्हते. दिवसभर बर्फात कुऱ्हाड चालवणारे, एरवी धडधाकट गडी! म्हणजे ‘मी भरपूर राबतो, मला काय होतंय’ हा हिशेब तिथे साफ चुकला.

फिनलंडमध्ये तेव्हा सर्वसाधारण पेन्शनचं वय होतं ६५. पण झटका येऊन वाचलेला लाकूडतोड्या परत कुऱ्हाड उचलणार कशी? त्याच्या वाट्याला यायचं ते काम करता येत नाही म्हणून मिळणारं पेन्शन. कागदावर ती निवृत्तीच, पण त्याच्या घरच्यांना विचारा.

इथे मला आमचे एक काका आठवतात. पन्नाशीच्या आत हृदयाच्या दुखण्याने नोकरी सुटली. त्यानंतर ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचे. घरात अजूनही म्हटलं जातं, “खाण्याचा शौक नडला.” मीही म्हटलंय. नातेवाईक मंडळी हे वाचत आहेत, त्यांनाही आठवत असेल.

उत्तर कारेलियाने वेगळं काहीतरी केलं. १९७१ साली प्रांताच्या गव्हर्नरांसह लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला : आमची माणसं ऐन उमेदीत जाताहेत, काहीतरी करा. १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला. प्रमुख होते डॉ. पेक्का पुस्का, तिशीही न गाठलेले! त्यांनी एकेका रोग्याला धरून उपदेश केला नाही. ते गृहिणींच्या ‘मार्था’ या संघटनेकडे गेले. गावोगावी बायका जमल्या आणि तोच पारंपरिक रस्सा कमी मांस, कमी मीठ आणि जास्त भाज्या घालून शिजवून दाखवला. सॉसेज करणाऱ्याने चरबी कमी करून मश्रूम घातले. लोणी-दुधावर पोट असणारे शेतकरी साहजिकच चिडले, तेव्हा त्यांना बेरीची फळं लावायला मदत झाली. लोण्याच्या जागी मोहरीच्या जातीतलं तेल आलं. १९७६ साली देशभरासाठी तंबाखूचा कायदा झाला, जाहिराती बंद झाल्या. पुढे तर कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या गावागावांत स्पर्धा लागल्या.

प्रकल्प २५ वर्षं चालला. पुढच्या काळापर्यंत पाहिलं तर तिथल्या ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. सगळं श्रेय एका प्रकल्पाला देता येत नाही, हेही खरं. बाकीच्या फिनलंडमध्येही मृत्यू घटले, औषधोपचार सुधारले. पण रोज पोटात काय जातं ते बदलल्याचा वाटा मोठा होता, हे अभ्यासक मानतात.

मला यातून एकच गोष्ट लागली. सवय ‘त्याची’ असते असं आपण म्हणतो, पण ताट घराचं असतं, आणि घर गावाचं. काकांच्या पानात तूप वाढणारे हात आमचेच होते. समोरचा नको म्हणाला तर रुसणारेही आम्हीच. सिगारेट आणायला दुकानात मला पाठवायचे आणि मी उड्या मारत जायचो. मग नडला तो एकट्याचा शौक कसा?

आणि हे फक्त फिनलंडचं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका यायचं सरासरी वय ५३ निघालं, इतर देशांत ते ५९ च्या आसपास होतं. म्हणजे पेन्शनीच्या अलीकडेच!

मित्राला मी एवढंच म्हटलं, “एक्सेलमध्ये अजून एक रकाना घाल.” तो हसला. मग विचारलं, “आणि घरी स्वयंपाकात तेल किती लागतं रे महिन्याला?” त्याला माहीत नव्हतं.

खरं सांगू, मलाही नव्हतं. त्या रात्री बायकोला विचारलं. ती म्हणाली, “आज बरं सुचलं?”

असो.