ठासणीच्या बंदुकीची शिदोरी



ज्या गुरुजनांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांच्या पिढीने ग्वाल्हेरच्या मराठी मुलांना इतिहासाची गोडी लावली. त्या ऋणाचे स्मरण ठेवून आज एका उपेक्षित विषयाकडे मी आपले लक्ष वेधणार आहे. मी मराठीचा अध्यापक. तेव्हा आरंभ शब्दांपासूनच करतो.

एखाद्याचा बेत फसला की आपण म्हणतो, 'बार फुसका निघाला'. ही ठासणीच्या बंदुकीची भाषा आहे. नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी घालून ती गजाने ठासायची; कानाशी रंजक, म्हणजे चटकन पेट घेणारी बारीक दारू ठेवायची; आणि ती जळत्या तोड्याने पेटवायची. पुढे तोड्याच्या जागी गारेची ठिणगी आली आणि एकोणिसाव्या शतकात तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे केप आली. दारू दमट असली की बार फुसका जाई. बंदूक एकदा घेतली की दोन पिढ्या पुरे. तिची शिदोरी मात्र दर बाराला नवी लागे. ही शिदोरी महागली किंवा मिळेनाशी झाली म्हणजे माणसे काय करीत, हा आजचा प्रश्न आहे.

दारूत मुख्य भाग सोऱ्याचा. चांगल्या दारूत शंभर भागांत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असे. कोळसा तुरीच्या काटक्यांपासूनही होई. सोरा जुन्या वस्त्यांच्या, गोठ्यांच्या आणि पडक्या भिंतींच्या खारट मातीत सापडे. ती माती खरवडून, पाण्यात निवळून आणि ते पाणी आटवून सोरा काढण्याचे काम उत्तरेत नोनिया जातीची कष्टकरी माणसे करीत. गंधकाची गोष्ट निराळी. आपल्याकडे त्याच्या मोठ्या खाणी नसल्याने तो बव्हंशी समुद्रमार्गे येई. शिशाचाही मोठा हिस्सा बंदरांतून येई. म्हणजे बंदूक गावच्या लोहाराने घडवली, तरी तिच्या खाद्याची एक वाट परक्या जहाजांवरून जात होती.

शिवछत्रपतींना याची जाण पुरेपूर होती. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी त्यांची वखार लुटली, हे आपण शाळेत शिकलो. परंतु त्याच महाराजांनी पुढे इंग्रजांशी बोलणी चालू ठेवली आणि सुरतेच्या फ्रेंचांकडून तोफा व शिसे विकत घेतले. राग धरावा, पण खरेदीची वाट एकाच दारात अडकू देऊ नये, असा हा व्यवहार होता.

टंचाईवरचा दुसरा उपाय म्हणजे आहे ते जपणे. १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेले 'आज्ञापत्र' मी राजनीतीचा ग्रंथ म्हणून अनेक वर्षे शिकवले. त्यातील दुर्गप्रकरणात दारूच्या कोठाराविषयी काटेकोर सूचना आहेत, त्यांकडे मात्र माझे लक्ष उशिरा गेले. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, त्याला ओल लागू नये, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे अमात्य बजावतात. सह्याद्रीच्या पावसात न वाळवलेली दारू म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा, हे त्यांना ठाऊक होते.

अठराव्या शतकात या बाजाराचे स्वरूप पालटले. बिहारचा सोरा युरोपातील कंपन्या जहाजे भरभरून नेत होत्या. इंग्रजांच्या कंपनीला १६९३ च्या सनदेने दरसाल ५०० टन सोरा सरकारला देण्याचे बंधन घातले होते आणि युद्धकाळात त्याचा दर शांततेतल्यापेक्षा चढा राहील, हेही ठरलेले होते. प्लासीनंतर वर्षभरातच, १७५८ साली, कंपनीने बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारी मिळवली. प्लासीची लढाई आपण विसरत नाही. हा मक्ता मात्र क्वचितच आठवतो. बिहारच्या सोऱ्यासाठी डचांना आणि फ्रेंचांना आता इंग्रजांच्या मर्जीकडे पाहावे लागले.

हे संकट केवळ आपल्यावरच आले असे नाही. १७७५ साली अमेरिकेतील वसाहती इंग्रजांविरुद्ध उठल्या, तेव्हा बंकर हिलच्या लढाईत त्यांची दारू संपली. ऑगस्टमध्ये सेनापती वॉशिंग्टन यांनी साठा मोजवला, तर शिपायामागे जेमतेम नऊ बारांची दारू निघाली. ही गोष्ट त्यांनी शत्रूपासून लपवली, गोळीबारावर कडक निर्बंध घातले आणि बाहेरून दारू आणण्याची खटपट केली. तेथील काँग्रेसने घरोघर सोरा काढण्याची कृती छापून वाटली. तरीही युद्धाच्या पहिल्या वर्षांत त्यांना तारले ते प्रामुख्याने फ्रान्सकडून आलेल्या दारूने. काटकसर, घरगुती उद्योग आणि परका मित्र अशा तीन आधारांवर ते उभे राहिले.

आता आपल्या भूमीकडे वळू. महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या, तेव्हा केवळ शिपाई शिकवून भागणार नाही हे ओळखून आग्र्यास कारखाना घातला. सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तेथे तोफा ओतल्या जात आणि युरोपीय बंदुकीच्या तोडीची बंदूक सुमारे दहा रुपयांत तयार होई, असे समकालीन वृत्तांतांवरून दिसते. परंतु १८०३ मध्ये अलीगड आणि आग्रा पडले, दुआब गेला आणि त्यासोबत कारखानाही गेला. या पराभवाचा विचार करताना आपण पेराँच्या आणि इतर फिरंगी सरदारांच्या वर्तनावर थांबतो. कारखान्याचा शोक कोणी करीत नाही.

१८५७ चे उदाहरण याहून बोलके आहे. ज्या काडतुसावरून ठिणगी पडली, ते एनफिल्ड रायफलचे होते आणि ती रायफलही ठासणीचीच होती. तिला केप लागे. केपेतील पाऱ्याचे स्फोटक संयुग करण्यास तेजाब, मद्यार्क आणि जाणता रसायनकार हवा. ते गावच्या भट्टीत होणारे काम नव्हे. कंपनीचा केपांचा कारखाना दमदमला, म्हणजे कलकत्त्याच्या अंगणात होता. त्यामुळे हाती आलेला साठा संपत गेला तसतशी शिपायांची चांगली शस्त्रे मुकी होऊ लागली आणि अनेकांना पुन्हा तोड्याच्या बंदुकीकडे वळावे लागले. शिशाच्या जागी काही ठिकाणी तारायंत्राच्या तारा तोडून त्यांचे छर्रे केले गेले. टंचाईत माणसाची बुद्धी किती चालते, याचे हे उदाहरण आहे. आणि ती कोठे अडते, याचेही.

दिल्लीत ११ मे रोजी इंग्रज अधिकाऱ्यांनी शहरातील शस्त्रागार उडवून दिले. शहराबाहेरचे दारूचे कोठार शिपायांच्या हाती पडले, पण महिनोन्‌महिने तोफा चालवण्यास ते पुरणारे नव्हते. म्हणून भर वस्तीत, बेगम समरूच्या वाड्यात, दारू करण्याचा कारखाना सुरू झाला. ७ ऑगस्ट रोजी त्याचा स्फोट झाला आणि आत काम करणारी शेकडो माणसे मेली. क्षुब्ध शिपायांनी फितुरीचा संशय घेऊन बादशहाचे हकीम अहसनुल्लाखान यांचे घर लुटले. खरे काय घडले, याचा निवाडा त्या दिवशी कोणी केला नाही. अमात्यांचा नियम मात्र येथे आठवतो. दारूखाना वस्तीत नसावा, हे शहाणपण टंचाईच्या घाईत प्रथम बळी जाते.

१८५८ च्या मार्चमध्ये झाशीला वेढा पडला, तेव्हा तेथील स्त्रिया दारूगोळा वाहून नेत असल्याचे खुद्द ह्यू रोजच्या सैन्याने पाहिले. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते. त्यांचा 'माझा प्रवास' आपल्या भाषेचे भूषण आहे. एप्रिलमध्ये झाशी पडली. मेअखेर काल्पी गेली आणि तेथील भुयारी कोठारातील दारू व तोफांचे कारखाने इंग्रजांच्या हाती लागले. काही दिवसांतच, १ जूनला, राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब यांनी आपले ग्वाल्हेर घेतले. या धाडसाचे वर्णन आपण नेहमी शौर्याच्या अंगाने करतो आणि ते योग्यच आहे. परंतु काल्पीचे कोठार गमावलेल्या सैन्याला शिंद्यांचा भरलेला खजिना, तोफा आणि किल्ल्यातील साठा किती निकडीचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या धाडसामागचा हिशेबही दिसू लागतो. १७ जूनला कोटा की सराय येथे झुंज झाली आणि राणीसाहेब धारातीर्थी पडल्या. २० जूनला किल्लाही गेला.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. वर्गात या पराभवांचे कारण विचारले की मुले उत्तर देत, 'फितुरी', आणि मी त्यांना पूर्ण गुण देत असे. फितुरी झाली नाही असे मी म्हणत नाही. पण तेवढ्यावर थांबलो की आपण दोन घटकांवर अन्याय करतो. पहिला अन्याय लढणाऱ्यांवर. रिकाम्या केपदाणीनिशी किंवा अर्ध्या दारूनिशी जे उभे राहिले, त्यांच्या धैर्याचे खरे मोल आपल्याला कळतच नाही. दुसरा अन्याय त्या नोनियांवर, दारू कुटणाऱ्या मजुरांवर आणि दारूगोळा वाहणाऱ्या स्त्रियांवर. त्यांच्या हातांवर लढाई चालली होती आणि त्यांचे नाव कोणत्याही बखरीत नाही. शिवाय फितूर शोधायची सवय लागली की कोठाराची चौकशी करायची सवय सुटते.

ठासणीची बंदूक आजही पूर्णपणे गेलेली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या राखणीसाठी तिच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. डोंगराकाठच्या शेतकऱ्याला रानडुकरांच्या हंगामात दारू आणि केपा मिळवण्याची विवंचना पडते, तेव्हा तो एका फार जुन्या प्रश्नाशीच झगडत असतो.

शिक्षक मित्रांना एवढीच विनंती की, पुढच्या वेळी मुलांना एखादी लढाई शिकवाल, तेव्हा कोण जिंकले आणि कोण फितले यांच्याआधी एक प्रश्न विचारावा: त्या दिवशी सकाळी दोन्ही बाजूंकडे किती बारांची दारू होती, आणि ती आली कोठून? उत्तर प्रत्येक वेळी मिळेल असे नाही. पण तो विचारायला शिकलेला विद्यार्थी या शाळेचे नाव राखील.