सात टक्क्यांची वाढ

सत्तरीचं दशक अर्ध्यावर आलंय आणि तुम्ही कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत आहात. समोर ५.२ मीटर लांबीची नळी, तिच्याभोवती अतिसंवाहक तारेचे मळसूत्री वेढे. दर ३.२ सेंटिमीटरला एक पीळ पूर्ण होतो. हात लावू नका, तारेभोवती द्रवरूप हेलियमची थंडी आहे. आणि आता निघा भिंतीपलीकडे. झोत सुरू झाल्यावर इथे कुणी थांबत नाही.

नळीत दोन झोत एकाच दिशेने सुटतात. एक कार्बन डायऑक्साइड लेसरचा, १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा. दुसरा इलेक्ट्रॉनांचा, २४ एमईव्ही ऊर्जेचा. चुंबकी पिळातून इलेक्ट्रॉन गिरक्या घेत पळतो. तो एक पीळ ओलांडेपर्यंत प्रकाश त्याच्यापुढे नेमकी एक लाट सरकतो, त्यामुळे दोघांचा मेळ सुटत नाही. काही इलेक्ट्रॉन प्रकाशाला ऊर्जा देतात, काही उलट त्याच्याकडूनच घेतात, पण सगळ्यांचा वेग किंचित वाढवून ठेवला की देणाऱ्यांचं पारडं जड होतं.

निकाल काय? प्रकाश ७ टक्क्यांनी वाढून बाहेर पडला. एवढ्यासाठी एवढा खटाटोप? हो, कारण भौतिकशास्त्रज्ञ जॉन मेडी यांनी १९७१ साली कागदावर मांडलेलं गणित खरं ठरलंय. नेहमीच्या लेसरसारखे इथे अणू नाहीत, स्फटिक नाही. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बदला, तरंगलांबी बदलते.

आता थेट १० एप्रिल २००९. जवळच्याच स्लॅक या प्रवेगक प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनांची ऊर्जा १३.६ जीईव्ही आहे. चुंबकांचा टप्पा अजूनही ३ सेंटिमीटरचाच, पण तरंगलांबी दीड अँगस्ट्रॉम, म्हणजे सुमारे ७०,००० पट आखूड! या क्ष-किरणांना मागेपुढे खेळवायला आरसे नाहीत, जोडीला दुसरा लेसरही नाही. जे काही व्हायचं ते एकाच फेरीत. म्हणून इलेक्ट्रॉनांची वाट काही मायक्रॉनपर्यंत सरळ करून घेतलीय.

सुरुवातीला प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या मनाने उजळतो. मग तोच प्रकाश त्यांना ढकलतो, कुणाला पुढे, कुणाला मागे, आणि एकेका तरंगलांबीच्या अंतरावर त्यांचे पातळ थर जमतात. भजनात विस्कळीत टाळ्या एका ठेक्यावर याव्यात, तसं. थर जमले की प्रकाश वाढतो, प्रकाश वाढला की थर आणखी घट्ट होतात. एकेक चुंबक वाटेत सरकवला जातो आणि पडद्यावरचा ठिपका भडकतो.

ऑक्टोबरात इथे प्रयोग सुरू होतील. निऑनच्या अणूवर या यंत्राचा एकच स्पंद पडेल आणि त्याचे दहाच्या दहा इलेक्ट्रॉन उडून जातील.