रवांडामधील गोरिला पर्यटन

आफ्रिकेतील रवांडा या देशाच्या वायव्य भागात, विरुंगा पर्वतरांगेतील ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात पर्वतीय गोरिलांचे जवळून दर्शन घडवणारे पर्यटन म्हणजे गोरिला पर्यटन होय. मोजके पर्यटक आणि मोठे शुल्क हे त्याचे मूळ सूत्र आहे. मिळणाऱ्या उत्पन्नातून उद्यानाचे रक्षण होते आणि त्यातील ठरावीक वाटा सीमेवरील गावांसाठी खर्च केला जातो. आलिशान निसर्गपर्यटनाचे यशस्वी उदाहरण म्हणून त्याचा नेहमी उल्लेख होतो. मात्र या यशाचा भार कोणी वाहायचा, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

पार्श्वभूमी

बेल्जियमच्या वसाहती राजवटीत, १९२५ मध्ये, विरुंगा पर्वतरांगेत आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. आजचे ज्वालामुखी उद्यान हा त्याचाच रवांडाकडील भाग असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस किलोमीटर आहे. रवांडा हा दाट लोकवस्तीचा देश आहे आणि ज्वालामुखीच्या राखेमुळे येथील जमीन अतिशय सुपीक आहे. बटाटा आणि घेवड्याची शेते थेट उद्यानाच्या सीमेला भिडलेली आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पायरेथ्रम या कीटकनाशकासाठी उपयोगी पडणाऱ्या फुलांच्या लागवडीकरिता उद्यानाचा मोठा भाग तोडण्यात आला. पुढे गुरांच्या चराईसाठी आणखी जंगल मोकळे करण्याचा प्रस्ताव आला. तोवर शिकार आणि अधिवासाचा ऱ्हास यांमुळे गोरिलांची संख्या घसरत चालली होती. १९८१ च्या गणनेत संपूर्ण विरुंगा रांगेत केवळ २५४ गोरिला आढळले.

चराईच्या प्रस्तावाला पर्याय म्हणून बिल वेबर आणि एमी वेडर या अमेरिकी संशोधकांनी पर्यटनाची कल्पना मांडली. उभे जंगल तोडलेल्या जंगलापेक्षा जास्त उत्पन्न देऊ शकते, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९७९ मध्ये पर्वतीय गोरिला प्रकल्प सुरू झाला. १९६७ पासून येथील कारिसोके केंद्रात संशोधन करणाऱ्या डायन फॉसी यांचा मात्र पर्यटनाला विरोध होता. माणसांचा वावर आणि त्यांचे रोग गोरिलांना बाधतील, ही त्यांची भीती होती. ती अनाठायी नव्हती, हे आजच्या नियमांवरूनच दिसते.

दर्शनाचे नियम

माणसाच्या सहवासाला सरावलेल्या एका कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त ८ पर्यटक भेटू शकतात, तेही केवळ एक तास. १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. सर्दी-खोकला असलेल्यास परत पाठवले जाते, कारण माणसाचे श्वसनविकार गोरिलांना सहज जडतात आणि प्राणघातक ठरू शकतात. पूर्वी ७ मीटर अंतर राखावे लागे. कोविडच्या साथीनंतर ते १० मीटर करण्यात आले. गोरिला स्वतःहून जवळ आला, तर मागे सरण्याची जबाबदारी पर्यटकाची.

शुल्क आणि गावांचा वाटा

१९९० च्या दशकातील यादवी आणि १९९४ च्या वंशसंहारामुळे पर्यटन ठप्प झाले होते; दशकाच्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले. मे २०१७ मध्ये परवान्याचे शुल्क ७५० वरून १,५०० अमेरिकी डॉलर करण्यात आले. शेजारच्या युगांडात त्या वेळी ते ६०० डॉलर होते. पर्यटकांची संख्या न वाढवता उत्पन्न वाढवणे हा या धोरणाचा हेतू आहे.

उद्यानांच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम २००५ पासून परिसरातील गावांसाठी राखून ठेवली जाऊ लागली. २०१७ च्या दरवाढीबरोबर हे प्रमाण १० टक्के झाले. शाळा, आरोग्यकेंद्रे, रस्ते आणि पाण्याच्या सोयी यांवर हा पैसा खर्च होतो. तो सामूहिक कामांना मिळतो, ही त्याची चांगली बाजू. पण ज्याच्या शेतातले पीक रानरेड्यांनी एका रात्रीत फस्त केले, त्याचे नुकसान शाळेच्या नव्या इमारतीने भरून निघत नाही. रेड्यांना अडवण्यासाठी सीमेवर काळ्या दगडांची भिंत रचली आहे. कोकणातल्या गडग्याची आठवण करून देणारी ही भिंत रेडे काही ठिकाणी ओलांडतात. पीकहानीच्या भरपाईसाठी सरकारी निधी आहे, परंतु भरपाईला होणाऱ्या विलंबाची तक्रार जुनी आहे.

वेगळा प्रयोग म्हणजे २००७ मध्ये सुरू झालेले साबिन्यो सिल्व्हरबॅक लॉज. या महागड्या निवासाची मालकी साकोला या स्थानिक लोकांच्या संस्थेकडे असून ते चालवण्याचे काम खासगी कंपनीकडे आहे. प्रत्येक मुक्कामामागे संस्थेला ठरावीक रक्कम मिळते. येथे गावकरी केवळ हमाल किंवा स्वयंपाकी नसून मालक आहेत, हा फरक मोलाचा आहे. त्यानंतर परिसरात आलेल्या बड्या कंपन्यांच्या निवासांमुळे रोजगार वाढला, मालकी मात्र गावाकडे आली नाही.

परिणाम आणि मर्यादा

२०१५-१६ च्या गणनेत विरुंगा रांगेत ६०४ गोरिला नोंदवले गेले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने पर्वतीय गोरिलांना 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आणले. नवजात पिलांच्या नामकरणाचा 'क्विता इझिना' सोहळा २००५ पासून राष्ट्रीय उत्सव म्हणून साजरा होतो. बाळाचे बारसे करण्याच्या तेथील जुन्या प्रथेवरून तो घेतला आहे.

एकाच उत्पन्नावर विसंबण्याचा धोका मार्च २०२० मध्ये उघड झाला. साथीमुळे उद्यान बंद झाले आणि वाटेकरी गावांचा ओघही आटला. पूर्वी याच जंगलावर जगणाऱ्या बट्वा समाजाला उद्यानाबाहेर काढण्यात आले होते. पर्यटनाचा लाभ त्यांच्यापर्यंत फारच थोडा पोहोचला आहे. दरम्यान वाढत्या गोरिलांना जागा अपुरी पडू लागल्याने उद्यानाचे क्षेत्र सुमारे २३ टक्क्यांनी वाढवण्याची सरकारची योजना आहे. त्यासाठी हजारो शेतकरी कुटुंबांना आपली शेते सोडून नव्या वसाहतीत जावे लागणार आहे.